मावशींच्या रात्रीचा हिशेब

मुंबईत मध्यरात्र उलटली की रिक्षाचं भाडं सव्वापट होतं, ते पहाटे पाचपर्यंत. त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. रात्री रिक्षा चालवणाऱ्याची झोप जाते, तिचे पैसे द्यायचे, हे सगळ्यांना पटलेलं आहे. पण घरातल्या दोन वर्षांच्या मुलाजवळ रात्रभर थांबणाऱ्या बाईंचे पैसे ठरवायची वेळ येते, तेव्हा हीच माणसं अडखळतात.

प्रसंग नेहमीचेच असतात. लातूरला लग्न असतं, सासऱ्यांचं ऑपरेशन असतं, आई नर्स असते आणि तिच्या रात्रपाळीच्या आठवड्यात बाबांचा दौरा निघतो. दिवसा मूल सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं जातं, "आजची रात्र थांबाल का?" त्या हो म्हणतात. पैशांचा विषय निघाला तर उत्तर येतं, "द्या तुम्हाला काय द्यायचं ते." सकाळी दोन-तीन नोटा हातावर ठेवल्या जातात, त्या पदराला बांधल्या जातात आणि विषय संपतो.

हे उत्तर ऐकून घरच्यांना सुटल्यासारखं वाटतं. पण जिचा महिन्याचा पगार त्याच घरातून येतो, तिला आकडा बोलणं सोपं नसतं. जास्त मागितलं तर हावरी ठरायची भीती आणि कमी मागितलं तर पुढच्या प्रत्येक रात्रीचा तोच दर. म्हणून पहिला आकडा घरच्यांनी मांडायला हवा, आणि तो सकाळी नाही, आदल्या दिवशी.

आकडा काढायला बसलं की एकच प्रश्न आडवा येतो: मूल झोपलं, मावशीही झोपल्या, मग ते तास कामाचे धरायचे का?

यावर जगात न्यायालयांनी बराच खल केला आहे. जर्मनीतल्या कील शहरातल्या एका डॉक्टरच्या खटल्यात युरोपीय न्यायालयानं 2003 मध्ये निकाल दिला, की कामाच्या ठिकाणीच हजर राहायचं बंधन असेल तर तिथे झोपलेले तासही कामाचेच. अमेरिकेच्या केंद्रीय नियमात 24 तासांपेक्षा कमी ड्युटी असेल तर झोपायची मुभा असूनही सगळा वेळ कामाचा धरतात. ड्युटी 24 तास किंवा त्याहून मोठी असेल तर आपसातल्या करारानं झोपेचे जास्तीत जास्त आठ तास वगळता येतात. पण त्यासाठी झोपायची नीट सोय हवी, आणि निदान पाच तास झोप मिळाली नाही तर सगळा वेळ पुन्हा कामात धरायचा. ब्रिटनमध्ये उलटं घडलं. अपंग माणसांच्या घरी रात्री थांबणाऱ्या एका काळजीवाहू बाईंना रात्री दहा ते सकाळी सात या नऊ तासांसाठी 29 पौंड 5 पेन्स मिळत होते. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. 2021 मध्ये निकाल लागला, की कामासाठी जागं राहावं लागेल तेवढ्याच वेळाला किमान वेतन लागू. त्या हरल्या.

मला हा ब्रिटिश निकाल पटत नाही. परक्या घरात, दुसऱ्याच्या मुलाशेजारी लागणारी झोप ही आपल्या अंथरुणातली झोप नसते. कान उघडा असतो. मूल खोकलं, कूस बदलून पलंगाच्या कडेला आलं, अंगावरचं पांघरूण तोंडावर गेलं, की डोळा उघडतो. शिवाय त्या रात्री ती बाई दुसरं काहीही करू शकत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2011 साली घरकामगारांसाठी जो 189 क्रमांकाचा करार केला, त्यात हे तत्त्व आहे: स्वतःचा वेळ मनासारखा वापरता येत नाही आणि बोलावणं आलं तर उठावं लागतं, असा काळ देशाच्या कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत कामाचा मानावा. भारतानं कराराच्या बाजूनं मत दिलं, पण त्याला अजून अनुसमर्थन दिलेलं नाही. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे. तो नोंदणी आणि कल्याणकारी योजनांचा, रात्रीचा दर त्यातून मिळत नाही. म्हणजे हा न्याय घरातच करावा लागतो.

तर गणित मांडून बघू. समजा मावशींचा पगार महिना 12,000 रुपये, रोजचे आठ तास, महिन्याचे 26 दिवस. एका दिवसाची हजेरी साधारण 460 रुपये आणि एका तासाचे जवळपास 58. रात्र नऊ ते सकाळी सात, दहा तासांची. मूल चार वर्षांचं आहे, साडेदहाला झोपतं आणि सहाला उठतं. जागे अडीच तास पूर्ण दरानं धरले तर 145 रुपये, झोपेचे साडेसात तास अर्ध्या दरानं 217. बेरीज 362. घड्याळाप्रमाणे हिशेब चोख, आणि तरीही रक्कम दिवसाच्या हजेरीपेक्षा कमी! दिवसभर राबून झाल्यावर वर आणखी दहा तास दिले, त्याची किंमत एका साध्या दिवसाइतकीही नाही, हे मला मान्य होत नाही. म्हणून माझ्या मते एका रात्रीचा दर दिवसाच्या हजेरीच्या खाली कधीच जाऊ नये.

ही खालची पातळी झाली. वरची पातळी दुकानं आणि आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यावरून बेतता येते. तिथे ठरलेल्या तासांच्या वरच्या कामाला दुप्पट मजुरी आहे. घरकामाला तो लागू नाही, पण तीच फूटपट्टी लावली तर दहा तासांचे सुमारे 1,150 रुपये होतात. तेव्हा वरच्या उदाहरणात 460 ते 1,150 यांच्या मध्ये कुठेतरी थांबायचं. कुठे, ते मूल ठरवतं. तान्हं बाळ दर दोन-तीन तासांनी दुधाला उठतं. बाटली उकळायची, दूध पाजायचं, ढेकर काढायची, दुपटं बदलायचं, थोपटायचं, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तेच. ही झोपेची रात्र नाहीच. तिथे अर्धा दर विसरायचा, वरच्या टोकाजवळ जायचं. जुळी असतील, तापातून उठलेलं मूल असेल, दात येत असतील तरीही तसंच. शहाणं चार वर्षांचं पोर असेल तर हजेरीच्या थोडं वर पुरतं, पण ते रात्री उठलं तर तो तास पूर्ण दरानं धरायचा.

या आकड्यात एक गोष्ट मावत नाही. मावशींना स्वतःची मुलं असतात. त्या आपल्याकडे थांबल्या की त्यांच्या घरी रात्री कोण असतं? कधी म्हातारी सासू, कधी शेजारीण, कधी सातवीतली थोरली धाकट्याला घेऊन झोपते. नवरा दारू पीत असेल तर मुलींना एकटं ठेवताना आईच्या जिवाचं काय होत असेल, ते विचारून बघावं. थांबायला सांगण्याआधी हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर अवघड असेल तर आग्रह सोडायचा. जमत असेल तर त्यांच्या मुलालाही सोबत झोपायला येऊ द्यावं. त्याचं जेवण मोबदल्यातून कापायचं नाही. मावशींचंही नाही.

झोपायची जागा हाही मोबदल्याचाच भाग आहे. मुलाच्या खोलीत स्वच्छ गादी, पांघरूण, पंखा आणि आतून कडी लागणारं न्हाणीघर. स्वयंपाकघरात फरशीवर सतरंजी ही काही सोय नव्हे. घरात कॅमेरा असेल तर तो आधीच सांगायला हवा, आणि बाई जिथे झोपणार तिथला बंद करायला हवा.

अजून एक सांगायलाच हवं. ओळखीनं गावाकडून आणलेली बारा-तेरा वर्षांची मुलगी "बाळाकडे बघायला" ठेवण्याची पद्धत पुरती गेलेली नाही. 14 वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला 2006 पासून बंदी आहे. तिथे दर विचारायचाच नसतो, तिला शाळेत घालायचं असतं.

दुसऱ्या दिवशीचं काम हा भांडणाचा हमखास मुद्दा. रात्र जागून काढलेल्या बाईंनी सकाळी सातपासून पुन्हा नेहमीची पाळी करायची अपेक्षा ठेवू नये. निदान दुपारपर्यंत सुट्टी, आणि तिचा खाडा धरायचा नाही. रात्रीचे पैसे महिन्याच्या पगारात मिसळू नयेत. सकाळी निघताना वेगळे हातात द्यावेत, कारण महिनाअखेरीला उचल वळती करताना ते हिशेबात हरवतात. आणि बेत बदलला, संध्याकाळी सहाला कळवलं की आता थांबायची गरज नाही, तरी अर्धी रक्कम द्यायची. त्यांनी तोवर आपल्या घरची सगळी व्यवस्था लावलेली असते.