वोडका शेवटी

दूध नासलं तर घरात त्याचं पनीर होतं. कॉकटेल नासलं की थेट मोरीत जातं. गेल्या डिसेंबरात पुण्यात घरी आठ पाहुणे येणार होते. ताजा अननस, फ्रेश क्रीम, साखर आणि वोडका मी मिक्सरमधून फिरवली आणि जग फ्रिजमध्ये ठेवला. तासाभरानं काढला तर वर दाणेदार थर, खाली पिवळं पाणी आणि चव कडू. पाहुण्यांनी भिडेखातर एकेक घोट घेतला आणि सगळे भज्यांकडे वळले.

मे महिन्यात गोव्यात काणकोणला मावशीकडे गेले, तेव्हा ही कहाणी मावसभावाला सांगितली. दादाचं तिथं नऊ टेबलांचं रेस्टॉरंट आहे. बार म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून असलेला एक कडाप्प्याचा ओटा. ऐकून तो हसला. म्हणाला, "मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई चोळतेस ना? तेच तू क्रीमला केलंस."

पपईत पपेन, तसं अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं तोडतं. दुधातली प्रथिनं तुटली की कडवटपणा येतो आणि अननसाच्या आंबटपणानं दूध फाटतं ते वेगळंच. डब्यातल्या अननसाला आधीच उष्णता दिलेली असते, त्यामुळे त्यातलं विकर निकामी झालेलं असतं. ताजा वापरायचा तर आधी तव्यावर घ्यायचा. एवढं ऐकून मी स्टूल ओढलं आणि पुढचे तीन दिवस त्या ओट्यामागून हलले नाही.

दादाचा बार संध्याकाळी सातला सुरू होतो, पण काम सुरू होतं चारला, मावशीच्या खवणीवर. दोन नारळ खवून झाले की चव मिक्सरमध्ये जातो आणि त्यावर कोमट पाणी. गार पाणी ती घालू देत नाही. खोबऱ्यातली चरबी साधारण २४ अंशांखाली गोठायला लागते, कोमट पाण्यात ती सुटी होऊन दुधात उतरते. मग धुतलेल्या पंच्यात चव बांधून पिळायचा. पहिल्या पिळणीचं दाट दूध बारसाठी, दुसऱ्या पिळणीचं पातळ दूध आमटीसाठी. हे दूध फ्रिजमध्ये जात नाही, कारण तिथं त्यावर मेणासारखी साय धरते आणि पुढं ग्लासात पांढरे कण तरंगतात. ज्यांनी उरलेली सोलकढी फ्रिजमध्ये ठेवली आहे, त्यांनी हे कण पाहिले आहेत. चारला काढलेलं दूध रात्री अकराच्या आत संपवायचं. उरलं तर मावशी त्याची खीर करते.

सोलकढीच या सगळ्याची गुरुकिल्ली आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कोकमाच्या आंबट आगळात गाईचं दूध घातलं तर क्षणात फाटेल, नारळाचं दूध मात्र गुलाबी होऊन शांत राहतं. त्यात प्रथिनं अगदी थोडी आणि दुधातलं केसीन तर नाहीच. फळ आंबट असेल तर साय नारळाची, फळ गोडसर आणि मवाळ असेल तरच दुधाची. दादाच्या यादीत दुधाची क्रीम फक्त चिकूला मिळते.

मेमध्ये मुख्य फळ अर्थातच मानकुराद आंबा. गर काढून चाळणीवर घासायचा. शेकरमध्ये ६० मि.ली. गर, ४५ मि.ली. दाट दूध, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ आणि बर्फ. लिंबू सगळ्यांत शेवटी पिळायचं. दादा दहा-बारा सेकंद हलवतो, जास्त नाही. मी पहिल्यांदा जोर लावून अर्धा मिनिट हलवलं, तर बर्फ विरघळून पेय पाणचट झालं आणि चरबीचे कण दिसायला लागले. "आवाज ऐक," तो म्हणाला. सुरुवातीला बर्फाचे खडे खणखणतात, मग आवाज जाड होतो, जणू कोणी ओल्या वाळूत चालतंय. शेकरवर दव धरतं आणि बोटं चिकटू लागतात. तिथं थांबायचं.

अननसाची तऱ्हा वेगळी. चकत्या लोखंडी तव्यावर, तेलाशिवाय, कडा तपकिरी होईपर्यंत. मग गार करून मिक्सर आणि गाळणी. भाजल्यावर आंबटपणाचा टोकदारपणा जातो आणि गुळासारखा वास येतो. नारळाच्या दुधाबरोबर हेच मिश्रण जगभर पिनिया कोलाडा म्हणून ओळखलं जातं. ती प्वेर्तो रिकोची. सान हुआनच्या कॅरिबे हिल्टन हॉटेलचा दावा असा, की १९५४ मध्ये त्यांच्या बारमन रामोन मारेरोनं ती तिथं बनवली. १९७८ मध्ये तिला त्या बेटाच्या राष्ट्रीय पेयाचा मान मिळाला. तिच्यात रम असते. रमऐवजी वोडका घातली की तिला ची-ची म्हणतात. रमला उसाची, मळीची स्वतःची चव असते. वोडकाला सांगण्यासारखं फारसं काही नसतं. म्हणून ची-चीमध्ये अननस कच्चा निघाला किंवा नारळ खवट निघाला तर लपायला जागा नाही.

आता या सगळ्यात वोडका कधी घालायची, हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारला होता. दादाचा नियम असा, की नवं फळ आलं, नवा नारळ फोडला की पहिला ग्लास वोडकाशिवाय बनतो आणि खिडकीतून मावशीकडे जातो. मावशी दारूला शिवत नाही. तिनं ग्लास संपवला तर त्या संध्याकाळी ते पेय यादीत. अर्धा परत आला तर नाही. "बिनवोडक्याचं प्यावंसं वाटत नसेल, तर वोडका घालून आपण गिऱ्हाईकाला फसवतोय," असं तो म्हणतो.

फसवणुकीची दुसरी बाजूही आहे. साय आणि साखर दारूचा तिखटपणा झाकतात, त्यामुळे माणूस सरबतासारखं पितो. आपल्याकडच्या वोडकात सहसा ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. म्हणजे ६० मि.ली.च्या पेगमध्ये साधारण २६ मि.ली. शुद्ध अल्कोहोल. ५ टक्क्यांच्या ३३० मि.ली. बिअरमध्ये ते साडेसोळा असतं. उंच ग्लासातलं ते पिवळं, निरागस पेय बिअरच्या दीडपट ठरतं. म्हणून दादा ४५ वर थांबतो आणि अंदाजानं कधीच ओतत नाही. स्टीलचं माप, काठोकाठ, डोळ्यांच्या पातळीवर.

ताटाचा विचार करताना मापही बदलतं, हे मला नवीन होतं. रेशाद मसाला भरलेला बांगडा असेल तर दादा वोडका ३० वर आणतो. मिरचीचा तिखटपणा चरबीत विरघळतो, त्यामुळे नारळाच्या दुधानं जीभ निवते. अल्कोहोल मात्र तीच जळजळ वाढवतं. दोघांना एका ग्लासात नांदवायचं तर चरबीचं पारडं जड हवं. रवा लावून तळलेल्या कोळंबीबरोबर आंब्याचं पेय पूर्ण मापानं जातं, कारण तिथं मीठ आणि कुरकुरीतपणा सायीला कापत राहतात. शाकुतीबरोबर तो ही पेयं देतच नाही. शाकुतीत आधीच भाजलेलं खोबरं, त्यावर पुन्हा नारळ म्हणजे दोन भाऊ एकाच वेळी बोलणार. चिकू, क्रीम आणि वोडकाचा छोटा ग्लास जेवणानंतर येतो, पण बेबिंकबरोबर नाही, खारवलेल्या काजूंबरोबर. गोडावर गोड घेतलं की दोन्ही फिके लागतात.

तिसऱ्या दिवशी ओटा माझ्या ताब्यात आला. गर मी चाळला, दूध मी पिळलं, शेकरचा आवाज जाड झाल्यावर थांबले. ग्लास खिडकीतून आत गेला. मावशीनं एक घोट घेतला, कपाळाला आठी घातली.

"मीठ खंय गो?"

मी विसरले होते. लिंबू, बर्फ, सेकंद, सगळं मोजण्याच्या नादात चिमूटभर मीठ राहिलं होतं, आणि तेवढ्यानं आंबा नुसता गोड झाला होता. दुसरा ग्लास केला. मावशीनं तो घेतला, नारळाच्या शेंड्या गोळा करत करत प्यायला आणि विसळून पालथा घातला. काही बोलली नाही.

दादानं खालच्या फळीवरून वोडकाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली.