जिवाणूंची गणपूर्ती

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंतचे. विज्ञानाशी असलेला माझा संबंध शाळेच्या पुस्तकाबरोबरच संपला होता. तो पुन्हा जुळला अम्मीच्या पायाच्या जखमेमुळे. मधुमेहाची जखम ती, भरता भरत नव्हती. पट्टी सोडली की तिच्यावर हिरवट-निळा डाग दिसे. डॉक्टर म्हणाले, ''स्यूडोमोनास आहे.'' माझी भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिला फोन केला, तर ती म्हणाली, ''मामू, हिरवा रंग दिसतोय ना? मग त्यांची गणपूर्ती झालीय.''

गणपूर्ती हा शब्द मला वाचनालयाच्या सभांमुळे ठाऊक. पुरेसे सभासद नसले की सभा तहकूब होते, आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी, गणपूर्तीशिवाय भरते! जिवाणू इतके ढिले नाहीत. थोडे असताना ते गप्प असतात. संख्या पुरेशी झाली की मगच विष सोडतात, रंग सोडतात, चिकट थर बांधतात.

हे प्रथम लक्षात आले ते समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंमुळे. १९७० मध्ये केनेथ नील्सन आणि वुडलंड हेस्टिंग्ज यांना दिसले, की चंबूत हे जिवाणू वाढत राहतात, पण आरंभी उजळत नाहीत. गर्दी झाली की मग एकदम प्रकाश. प्रत्येक जिवाणू एक छोटा रेणू बाहेर सोडत असतो. गर्दी वाढते तसा तो रेणू पाण्यात साठतो आणि पुन्हा पेशीत शिरतो. तिथे त्याला ओळखणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही प्रथिन म्हणतात. आपण त्याला कान म्हणू.

आता हा कान आपली हाक ओळखतो कशी? मला वाटले होते, कुलूप-किल्लीसारखे काही असेल. भाचीने सांगितले ते त्याहून अजब निघाले.

हाकेच्या रेणूला एक डोके आणि एक शेपटी असते. या घराण्यातल्या असंख्य जिवाणूंत डोके तेच, शेपटीची लांबी मात्र निरनिराळी. चमकणाऱ्या जिवाणूची शेपटी सहा कार्बनांची, स्यूडोमोनासची बारा. मी म्हटले, हे तर गझलेसारखे झाले! डोके म्हणजे रदीफ, सगळ्यांना सारखा. शेपटी म्हणजे काफिया, तिथेच बदल. प्रथिनाच्या पोटात एक कप्पा असतो. त्यातली ट्रिप्टोफॅन, टायरोसिन अशी ठरावीक अमिनो आम्ले डोक्याच्या बाजूला हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतात. शेपटी उरलेल्या जागेत बसते. तिची लांबी जुळली, तर हाक आपली.

खरी गंमत पुढे आहे. झाडांना गाठी आणणाऱ्या अॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या कानाची रचना २००२ मध्ये क्ष-किरणांनी उलगडली. हाकेचा रेणू प्रथिनात पूर्ण गाडलेला होता, बाहेरून दिसतच नव्हता. मग तो आत गेला कसा? कारण कान आधी तयारच नव्हता. प्रथिन बनत असतानाच हाक हजर असेल, तर ते तिच्याभोवती वळते. शेजारच्या वहिनी सारणाभोवती मोदकाची पारी वळतात तसे. हाक नसेल, तर प्रथिनाला धड आकारच येत नाही आणि काही मिनिटांत पेशीतली विकरे त्याचे तुकडे करतात. आकार आलेली दोन प्रथिने जोडीने डीएनएवर बसतात आणि जनुके चालू करतात.

सगळे कान असे नसतात. व्हिब्रिओ हार्वेयी या समुद्री जिवाणूचे एक प्रथिन शिंपल्यासारखे दोन पाळ्यांचे आहे. रेणू मध्ये आला की पाळ्या मिटतात. प्रिन्स्टनच्या बॉनी बॅस्लर, फ्रेड ह्यूसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्या रेणूत चक्क बोरॉन दाखवला. हा रेणू अनेक जातींचे जिवाणू बनवतात. आमच्याकडे बाजारात दखनी चालते, तशीच ही त्यांची सामाईक बोली म्हणायची.

अम्मीच्या जखमेकडे परत येतो. प्रतिजैविक जिवाणूला मारते. जे वाचतात त्यांचीच प्रजा वाढते आणि औषध निकामी होते. मग मारण्याऐवजी कानच बंद केला तर? ही कल्पना कागदावरची नाही. भाचीने मला जांभळा रंग सोडणारा एक जिवाणू बशीत दाखवला. त्याला आखूड शेपटीची हाक लागते. लांब शेपटीचा रेणू दिला, की रंग येणे थांबते. रेणू कप्प्यात बसतो, पण प्रथिन कामाला लागत नाही. ऑस्ट्रेलियातले एक तांबडे समुद्रशेवाळही असे रेणू सोडून जिवाणूंच्या गप्पा बिघडवते.

मी उत्साहाने विचारले, ''मग असे औषध अम्मीला का देत नाहीत?''

''अजून दवाखान्यात पोचलेलं नाही, मामू. आणि आणखी एक अडचण आहे. जुन्या फुप्फुसविकाराच्या रुग्णांत असे स्यूडोमोनास सापडलेत, ज्यांचा तो मुख्य कान आधीच बिघडलेला असतो. तरी ते ठाण मांडून बसतात.''

माझा काफिया तिथे अडला. अम्मीची जखम शेवटी रोजच्या पट्टीने, इंजेक्शनांनी आणि साखर आवरल्यानेच भरली. अडीच महिने लागले. पट्टीवरचा हिरवा डाग मात्र तिसऱ्या आठवड्यातच गेला होता. तो गेला त्या दिवशी मी भाचीला फोन केला आणि म्हटले, ''सभा तहकूब.''