झोंगझी : पानात बांधलेला चिकट भात मधुमेहात चालतो का?

सिंगापूर किंवा हाँगकाँगला मुलांकडे राहायला गेलेले आई-वडील जूनच्या सुमारास हमखास विचारतात, ‘शेजाऱ्यांनी पानात बांधलेला भात दिलाय, खाऊ का?’ हा पदार्थ म्हणजे झोंगझी. सिंगापुरात त्याला बाक चांग असेही म्हणतात.

चिनी पंचांगाच्या पाचव्या महिन्यातील पाचव्या दिवशी, ड्रॅगन बोट सणाला, तो खातात. इ.स.पू. 278 च्या सुमारास छू राज्याचा कवी च्यू युआन याने मिलुओ नदीत जीव दिला. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून लोकांनी नदीत भात टाकला, अशी कथा आहे. पण तिसऱ्या शतकातील चौ चू या लेखकाने पानात गुंडाळून शिजवलेल्या चिकट भरडधान्याची नोंद केली आहे, तीही उन्हाळ्यातील सर्वांत मोठ्या दिवसाच्या संदर्भात. म्हणजे मूळ पदार्थ ऋतूचा दिसतो. कथा बहुधा नंतर जोडली गेली.

आज त्यात चिकट तांदूळ असतो, आणि मधुमेहींची अडचण तिथेच आहे. तांदळातील स्टार्च दोन प्रकारचा असतो. अमायलोज सावकाश पचते, तर फांद्याफांद्यांचे अमायलोपेक्टिन लवकर. चिकट तांदळात जवळपास सगळे अमायलोपेक्टिनच असते, म्हणून रक्तातील साखर झपाट्याने वाढते. शिवाय भात घट्ट दाबलेला असतो. मुठीएवढ्या एका झोंगझीत साधारण दोन-तीन पोळ्यांइतकी कर्बोदके जातात, आणि दिसते मात्र नाश्त्याची वस्तू! उत्तरेकडे त्यात खजुरासारखी गोड बोरे किंवा लाल चवळीचे गोड पुरण भरतात, दक्षिणेकडे डुकराचे चरबीयुक्त मांस आणि खारवलेल्या अंड्याचा बलक. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्या बलकातील मीठही मोजा.

म्हणून मी ‘अजिबात नको’ म्हणत नाही. अर्धी खा, पण त्या जेवणात पोळी-भात घेऊ नका. सोबत भरपूर भाजी घ्या. दोन तासांनी साखर तपासली, तर तुमच्या शरीराला किती चालते ते कळेल. सणासाठी इन्सुलिनचा किंवा गोळ्यांचा डोस स्वतःहून वाढवू नका.

‘चिकट’ म्हणजे ग्लुटेन, असा समज ऐकू येतो. तांदळात ग्लुटेन नसते. पण मांसाला लावलेल्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, तेव्हा सिलिॲक आजार असणाऱ्यांनी विचारूनच खावे.

घरात पक्षाघात झालेले, गिळताना ठसका लागणारे किंवा कवळी वापरणारे कोणी असेल, तर जास्त जपा. हा भात घशात गोळा होऊन अडकू शकतो. गिळण्याचा त्रास असेल तर देऊच नका. कवळी असणाऱ्यांना गरम असतानाच, लहान तुकडे करून, बसवून द्या आणि घास संपेपर्यंत जवळ थांबा.