मुंबई टेस्टनेट

मुंबई टेस्टनेट हे पॉलिगॉन या ब्लॉकचेनवरील अनुप्रयोगांच्या चाचणीसाठीचे जाळे होते. पॉलिगॉनची सुरुवात २०१७ साली मुंबईत 'मॅटिक' या नावाने झाली.

ब्लॉकचेनवर एकदा चढवलेला स्मार्ट करार सहसा बदलता येत नाही; त्यातील चूकही तशीच राहते. म्हणून विकासकांची बहुतेक साधने ती आधीच सापडावी यासाठी आहेत. करार सॉलिडिटी या भाषेत लिहितात. रीमिक्स हा संपादक ब्राउझरमध्येच चालत असल्याने विद्यार्थ्यांना सोयीचा ठरतो. मोठ्या कामासाठी हार्डहॅट किंवा फाउंड्री वापरतात. ओपनझेपेलिनच्या तयार, तपासलेल्या कोडमुळे नेहमीच्या चुका टळतात. अखेरची तालीम टेस्टनेटवर होते. तेथील नाणी 'फॉसेट'मधून फुकट मिळतात व त्यांना बाजारमूल्य नसते, व्यवहार मात्र मुख्य जाळ्याप्रमाणेच चालतात. मेटामास्क पाकिटात मुंबईचा साखळी क्रमांक ८०००१, तर मुख्य जाळ्याचा १३७ असे.

या तालमीचे मोल गडचिरोली जिल्ह्यात दिसते. तेथील एटापल्ली उपविभागात २०२२ साली सुमारे ६५,००० जातप्रमाणपत्रे पॉलिगॉनवरून पडताळता यावीत, अशी योजना हाती घेण्यात आली. अशा प्रणालीत सदोष करारामुळे खरे प्रमाणपत्रही अवैध ठरू शकते आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती अडू शकते.

मुंबई हे इथेरियमच्या गोएर्ली टेस्टनेटवर आधारलेले होते. गोएर्ली मोडीत निघाल्याने एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद झाले. त्याची जागा सेपोलियावर आधारित अमॉय टेस्टनेटने घेतली. त्याचा साखळी क्रमांक ८०००२ आहे. जुन्या पाठांत अजूनही मुंबईचाच क्रमांक आढळतो, आणि तो वापरल्यास जोडणी होत नाही.