गाव मोजताना

माणसे मोजणे सोपे असते, गाव मोजणे कठीण. शिरगणतीचे कर्मचारी येतात, दारावर आकडा लिहितात, घरात किती माणसे म्हणून विचारतात आणि काही वर्षांनी जाडजूड ग्रंथात त्या गावाची एक ओळ छापून येते. त्या ओळीत गावाचे सुखदुःख कितीसे उतरते? परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात वालूरला गेलो की हा प्रश्न मला हटकून पडतो.

वालूर हे जुने गाव. वाल्मीकी ऋषींशी गावाचे नाव जोडणारी आख्यायिका इथले लोक आवडीने सांगतात. आख्यायिकेपेक्षा पक्का पुरावा मात्र जमिनीत आहे. इथली एक बारव गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची आहे. अशी बारव बांधायला पैसा, कसबी हात आणि पाणी पिणारी वस्ती, तिन्ही लागतात. म्हणजे माणसांचा राबता इथे पूर्वीपासून होता.

हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. 1956 साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, पण बायकांचा दिवस जात्यावर आणि पाणवठ्यावरच उजाडत राहिला. त्या पाणवठ्यांना सगळ्यांचा हात लागू दिला जात नव्हता, हेही विसरून चालणार नाही. माळवदाची घरे, दारी बैल, भोवती ज्वारी-कापसाची काळी जमीन हे चित्र आज आपल्याला गोड वाटते. त्या घरांतली माणसे मात्र पटापट मरत. 1918 च्या इन्फ्लुएंझाने देशभर असा कहर केला, की विसाव्या शतकात 1911 ते 1921 या एकाच दशकात भारताची लोकसंख्या घटली. आमच्याकडच्या जुन्या बायकांना मुले किती असे विचारले, तर उत्तर दुहेरी यायचे: ‘‘सात झाली, चार राहिली.’’ बस्स, एवढेच. डोळ्यांत पाणीही नसे.

पुढे दिवस पालटले. 1972 च्या दुष्काळात लोकांनी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले, पण गावे उठली नाहीत. लसी आल्या, दवाखाने आले, धरणांचे पाणी जिल्ह्यात आले. 2001 साली परभणी जिल्ह्याची लोकसंख्या 15,27,715 होती. 2011 साली ती 18,36,086 झाली. याच दहा वर्षांत साक्षरता 66 टक्क्यांवरून 73 टक्क्यांच्या पुढे गेली. ‘लोकसंख्या वाढली’ म्हणून आपण कपाळाला हात लावतो. पण या वाढीमागे जगलेली लेकरे आहेत, याचा आनंद आधी मानायला हवा.

मग काळजी कशाची? त्याच शिरगणतीत एक बारीक रकाना असतो, सहा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींचा. महाराष्ट्रात 2001 साली हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 साली त्या 894 उरल्या. परभणीला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात तर अवघ्या 807. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे देशातले पहिले राज्य आपलेच, तेही 1988 साली! आजीची तीन लेकरे रोगाने नेली. या मुली कोणी नेल्या? घर शिकले, हाती चार पैसे आले, सोनोग्राफीचे यंत्र जवळच्या शहरात आले आणि पूर्वी देवाच्या हाती होते ते आपण आपल्या हाती घेतले.

याची झळ आता दारात आली आहे. मागच्या खेपेला या भागातल्या एक वयस्कर बाई म्हणाल्या, ‘‘भाऊ, पोरगं शिकलेलं हाय, रान हाय, पण पोरगीच भेटंना. चार तालुके पालथे घातले.’’ मी विचारले, ‘‘मावशी, तुमच्या घरात नाती किती?’’ त्या जरा थांबल्या. मग पदर सावरत म्हणाल्या, ‘‘एक बी नाही बघा.’’ पुढे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

म्हणून मला वालूरच्या बारवेचे महत्त्व वाटते. नळ आले, बोअर आले आणि बारव गाळाने, झुडपांनी भरून गेली. अशा बारवा सगळ्यांच्या असतात, म्हणून कोणाच्याच नसतात. पण इथल्या लोकांनी श्रमदानाने ती मोकळी केली. घमेली हातोहात वर गेली आणि पायऱ्या पुन्हा दिसू लागल्या. घराघरांतला हा दुसरा गाळ असा चारचौघांत उपसता येत नाही, हे खरे. तो ज्याचा त्यानेच, आपल्या माजघरात, सासू-सून-नवरा यांच्या बोलण्यातून काढायचा असतो.

2021 ची शिरगणती झालीच नाही. आता 1 मार्च 2027 हा तिचा संदर्भदिन ठरला आहे. ते आकडे छापून आले, की वालूरच्या ओळीत एकूण लोकसंख्येच्या आधी मी सहा वर्षांखालच्या मुली किती, हे पाहणार आहे. आपणही आपापल्या गावाच्या ओळीत तेवढे जरूर पाहावे.