फवारणीचे हेलिकॉप्टर : थ्रॉटल आणि पिच यांचा मेळ

म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातून जाणारा रस्ता कृष्णराजसागर धरणाकडे जातो. या धरणातून निघणाऱ्या विश्वेश्वरय्या कालव्यावर मंड्या जिल्ह्यातील भातशेती पिकते. चिखलणी केलेल्या अशा खाचरात ट्रॅक्टरचलित फवारणी यंत्र नेता येत नाही. पाठीवर पंप घेऊन चालणारा मजूर औषधाच्या तुषारांत सापडतो. कोकणातील आणि भंडारा-गोंदियातील भात उत्पादकांनाही ही अडचण परिचित आहे. पिकाच्या आत शिरून फवारणी करण्याचा धोका केवळ भातापुरता नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही.

जपानने या प्रश्नावर रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टरचा मार्ग निवडला. यामाहा कंपनीचे आर-५० हे २० किलोग्रॅम भार उचलणारे हेलिकॉप्टर १९८७ साली तयार झाले. त्यानंतर १९९७ मध्ये आरमॅक्स आले आणि भातावरील फवारणीसाठी त्याचा मोठा वापर झाला. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये त्याला कृषी फवारणीची मुभा दिली.

दोन वक्र, एक काठी

हेलिकॉप्टरची उचल दोन गोष्टींवर अवलंबून असते : पात्यांचा कोन, म्हणजे पिच, आणि पाती फिरण्याचा वेग. हा वेग राखण्यासाठी इंजिन वा मोटरला दिलेली शक्ती थ्रॉटल ठरवतो. रिमोटवरील एकाच काठीने दोन्हींचे नियंत्रण होते. काठी कोणत्या स्थानी असताना किती कोन आणि किती शक्ती मिळावी, याची मांडणी म्हणजे पिच-वक्र आणि थ्रॉटल-वक्र. रिमोटमध्ये हे वक्र बहुधा ०, २५, ५०, ७५ आणि १०० टक्के या पाच बिंदूंवर भरले जातात.

यातील तत्त्व सोपे आहे. कोन वाढला की हवेचा विरोध वाढतो. त्या प्रमाणात शक्ती मिळाली नाही तर पाती मंदावतात. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून वेग १० टक्के घटला तर उचल सुमारे १९ टक्के घटते. टाकी भरलेली असताना ही घट झाली, तर यंत्र पिकावर कोसळू शकते. उलट, कोन कमी आणि शक्ती जास्त असेल तर पाती मर्यादेबाहेर फिरतात व सांध्यांवर ताण येतो.

मांडणीचा क्रम

सरावासाठी लहान मॉडेल हेलिकॉप्टर घ्यावे. पुढील आकडे केवळ सुरुवातीसाठी आहेत; अंतिम शब्द उत्पादकाच्या पुस्तिकेचा मानावा.

१. इलेक्ट्रिक यंत्राच्या मोटरची जोडणी काढावी. इंजिनचे यंत्र बंद ठेवावे. मगच पिच गेज लावून कोन मोजावा. नवशिक्यासाठी काठी तळाशी उणे २ अंश, मध्यावर अधिक ५ आणि वर अधिक १० अंश ही मांडणी पुरेशी आहे. दोन्ही पात्यांचा कोन समान असलाच पाहिजे.

२. थ्रॉटल-वक्रात ०, ४०, ६०, ८०, १०० अशी चढती मूल्ये भरावीत. गव्हर्नर असेल तर पात्यांचा वेग तोच स्थिर राखतो. अशा वेळी थ्रॉटल-वक्र उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे सपाट ठेवावा.

३. थ्रॉटल होल्डचे बटण लावताच शक्ती तुटते की नाही, हे उड्डाणापूर्वी तपासावे. इंजिनच्या यंत्रात येथे इंजिन मंद गतीवर राहते. पिचचे नियंत्रण मात्र कायम राहिले पाहिजे.

४. मोकळ्या जागेत, सुरक्षित अंतरावर उभे राहून यंत्र तरंगवावे आणि दूरवरून वापरता येणाऱ्या टॅकोमीटरने पात्यांचा वेग नोंदवावा. काठी वर नेताना वेग घटला तर वरच्या बिंदूंचा कोन कमी करावा किंवा तेथील शक्ती वाढवावी. वेग वाढत गेला तर शक्ती कमी करावी. एका वेळी एकच बिंदू बदलावा.

भाराचा प्रश्न

फवारणीचे यंत्र शौकाच्या मॉडेलहून येथेच वेगळे ठरते. उड्डाणाच्या आरंभी टाकी भरलेली आणि शेवटी रिकामी असते. म्हणून रिकाम्या टाकीवर जुळवलेला वक्र पुरेसा नसतो. टाकीत औषध नव्हे, साधे पाणी भरून चाचणी घ्यावी : प्रथम रिकामी, मग अर्धी, मग पूर्ण. पूर्ण भारावरही काठीला वर थोडी जागा शिल्लक राहिली पाहिजे. वाऱ्याचा झोत आला तर तीच उपयोगी पडते.

आज आपल्याकडे फवारणीसाठी बहुतांशी अनेक पंख्यांचे ड्रोन वापरले जातात. त्यांच्या पात्यांचा कोन स्थिर असतो आणि उचल केवळ वेगाने बदलते. त्यामुळे तेथे पिच-वक्र नाही. पण भरलेल्या टाकीवर शक्तीचा साठा शिल्लक आहे का, हा प्रश्न तोच राहतो. त्यांच्या उड्डाणासाठी ड्रोन नियम, २०२१ आणि कीटकनाशक फवारणीसाठी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर झालेली कार्यपद्धती पाळावी लागते.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक घेताना शेतकऱ्यांना केवळ उड्डाण दाखवू नये. पूर्ण भारावरील चाचणीची नोंद दाखवावी. भाड्याने यंत्र घेणाऱ्या शेतकऱ्यानेही ती मागावी. माणसाला विषारी तुषारांपासून दूर ठेवण्यासाठी आणलेले यंत्रच त्याच्यासाठी नवा धोका ठरू नये, याची खातरजमा या नोंदीने होते.