शेतमालाची ने-आण : उघडी गाडी की बंद गाडी?

शेतात उत्तम पिकलेला माल बाजारात पोहोचेपर्यंत उत्तम राहतोच असे नाही. काढणी, निवड आणि भरणी यांत घेतलेली काळजी वाटेतल्या आठ-दहा तासांत वाया गेल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील. अलीकडे चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून किंवा गटामार्फत मालवाहू गाडी घेण्याचे प्रमाण वाढले आहे. अशा वेळी पहिला प्रश्न उभा राहतो तो हौद्याचा. हौदा उघडा ठेवून त्यावर ताडपत्री टाकावी, की चोहोबाजूंनी बंद पेटी बसवून घ्यावी? कर्जाची रक्कम, गाडीत मावणारे वजन आणि पुढे वर्षानुवर्षे हाती लागणारा पैसा हे सर्व या निवडीवर अवलंबून असल्याने तिचा विचार घाईने करणे इष्ट नव्हे.

काढणीनंतरही शेतमाल जिवंत असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. फळे, भाज्या आणि कांदासुद्धा श्वसन करीत असतात. त्यातून उष्णता निर्माण होते व बाष्प बाहेर पडते. तापमान दहा अंशांनी चढले की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून कोणतीही गाडी पारखताना ही उष्णता व हे बाष्प कोठून बाहेर जाणार, हे पाहावे.

याच ठिकाणी एक मोठा गैरसमज आढळतो. बंद गाडी म्हणजे थंड गाडी, असे पुष्कळजण समजून चालतात. वस्तुतः शीतयंत्र नसलेली पत्र्याची बंद पेटी एप्रिल महिन्याच्या दुपारी भट्टीसारखी तापते. बाहेरचे ऊन पत्र्यावर आणि आतली उष्णता मालात, अशी दुहेरी आच लागते. अशा गाडीत भरलेली मेथी किंवा कोथिंबीर सकाळपर्यंत पिवळी पडली, तर दोष भाजीचा नव्हे. साधी बंद पेटी धान्य, डाळी, गूळ, बियाणे, बांधीव पुड्यांतील माल अशा कोरड्या वस्तूंसाठी उत्तम होय. पाऊस, धूळ आणि चोरी या तिन्हींपासून तिथे बचाव होतो. ओल्या, ताज्या मालासाठी मात्र ती उघड्या गाडीहूनही वाईट ठरू शकते.

कांद्याचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथील आवारात कांदा बहुधा ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये मोकळाच आणला जातो आणि वक्कल पाहून बोली लागते. या मालाला हवा हवी असते. चाळीत जी काळजी घ्यावी लागते, तीच वाटेतही घ्यावी लागते. वरून ताडपत्री आवळून बांधली की आतील बाष्प थंड झालेल्या ताडपत्रीला लागून थेंबांच्या रूपाने पुन्हा कांद्यावर पडते. पत्ती सुटते, काजळी धरते आणि आवारात पहिल्याच नजरेला भाव उतरतो. उन्हाळ कांदा चांगला सुकलेला असल्यामुळे थोडेफार सोसतो; खरिपाचा लाल कांदा सोसत नाही. त्यासाठी हौद्यावर लोखंडी कमानी बसवून घ्याव्यात व ताडपत्री त्या कमानींवर ताणावी, म्हणजे माल आणि ताडपत्री यांच्यामध्ये वीतभर पोकळी राहते. मागील बाजू अर्धवट मोकळी ठेवावी. पावसाळ्यात नाशिकहून वाशीकडे जाणाऱ्या गाड्यांना इगतपुरी आणि कसारा घाटात धुवांधार पाऊस गाठतो. तेवढ्या टप्प्यापुरती मागची बाजू बांधून घाट उतरल्यावर ती पुन्हा सोडणे, हे चालकाला आधी समजावून सांगितले पाहिजे. सांगितल्याविना तो ते करणार नाही.

द्राक्षाची गोष्ट निराळी. निर्यातीचे द्राक्ष काढणीनंतर लवकरात लवकर पूर्वशीतगृहात नेऊन घडाचे तापमान खाली आणले जाते, आणि मगच शीतयंत्र असलेल्या बंद गाडीत ते चढवले जाते. गाडीतील शीतयंत्र थंड मालाचा थंडावा टिकवते. उन्हातून आलेला गरम माल भराभर निववण्याइतकी त्याची शक्ती नसते. बागेतून थेट शीतगाडीत माल भरून पैसे वाचवू पाहणाऱ्याचे भाडेही जाते आणि घडही सुकतात. पेट्या भिंतीला भिडवून किंवा छतापर्यंत रचल्यास थंड हवेची वाट अडते. केळीला तर फार थंडीही चालत नाही. तेरा अंशांखाली तिची साल काळवंडते, म्हणून द्राक्ष आणि केळी एकाच शीतगाडीत पाठवता येत नाहीत. रावेर-सावदा भागात केळीच्या पाल्याचे थर देऊन उघड्या ट्रकमधून माल उत्तरेकडे पाठवण्याची जुनी रीत आहे. थंडीच्या दिवसांत आणि हिरव्या मालासाठी ती अगदीच गैर म्हणता येणार नाही.

आता हिशेब. समजा, १५०० किलो मालासाठी उघड्या गाडीचे भाडे ६,००० रुपये आणि शीतगाडीचे ९,००० रुपये पडते. फरक किलोमागे दोन रुपयांचा झाला. मालाला किलोला ३० रुपये भाव असेल आणि शीतगाडीमुळे शंभरात पाच किलोंची नासाडी टळणार असेल, तर ७५ किलोंचे २,२५० रुपये वाचतात. म्हणजे शीतगाडी परवडत नाही. तीच नासाडी शंभरात दहा किलो असेल तर ४,५०० रुपये वाचतात व ती परवडते. नासाडी पाचच असून भाव ६० रुपये असला, तरीही तेवढेच वाचतात. सारांश, हलक्या भावाचा टिकाऊ माल उघड्यावर आणि चढ्या भावाचा नाजूक माल थंडाव्यात. मात्र आपल्या मालाची खरी नासाडी किती, हे बहुतेक शेतकऱ्यांनी कधी लिहून ठेवलेले नसते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी निदान एका हंगामात दहा खेपांच्या पट्ट्या व फेकलेल्या मालाचे वजन गटाच्या वहीत नोंदवून घ्यावे. त्याशिवाय गाडीसाठी कर्जाचा अर्ज भरू देऊ नये.

भरीस भर, बंद पेटीचे स्वतःचे वजन असते व तेवढा माल कमी चढतो. परतीच्या फेऱ्याचाही विचार हवा. उघड्या हौद्यात येताना खताच्या गोण्या, पाइप, बांबू, कडबा असे काहीही आणता येते. शीतगाडीला अशी उलटी खेप क्वचितच मिळते. त्यामुळे कांदा, टोमॅटो, भाजीपाला अशी मिश्र पिके घेणाऱ्या गटाने कमानी व ताडपत्री असलेला उघडा हौदाच घ्यावा आणि द्राक्षाच्या हंगामापुरती शीतगाडी भाड्याने ठरवावी, हे श्रेयस्कर. टोमॅटो प्लास्टिकच्या क्रेटमध्येच भरावेत व क्रेट काठोकाठ भरू नयेत, नाहीतर वरच्या क्रेटचा भार खालच्या फळांवर येतो. हौद्याचा प्रकार पुढे बदलावयाचा झाल्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. ती न घेता बदल केल्यास अपघाताच्या वेळी विम्याबाबत अडचण उभी राहू शकते.

भाड्याची शीतगाडी दारात आली की माल चढवण्यापूर्वी यंत्र चालू करवून आतील तापमान स्वतःच्या तापमापकाने पाहावे आणि दार उघडून वास घ्यावा. आदल्या खेपेत मासळी किंवा कांदा नेलेला असेल, तर पेटी धुऊन कोरडी होईपर्यंत द्राक्षाची एकही पेटी आत ठेवू देऊ नये.